घड्याळातला धोंडू

मानकरकाकू तुरुंगात असताना त्यांच्या दुकानातल्या सगळ्या वस्तूंवरच्या चिठ्ठ्या मी सोडवल्या आणि आमच्या अंघोळीच्या बंबात घातल्या. पूर्ण शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, चहा पिऊन. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी भाग पाडलं नव्हतं. त्या कढत पाण्याने अंघोळ करून 'आज एक चांगलं काम हातून झालं' असं मी बायकोला वर ऐकवलंही होतं. काकूंबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. त्या असत्या तर हा लेख हातात घेऊन त्यांनी आधी एवढंच पाहिलं असतं, की याने बंबाचं लिहिलंय की गाळलंय.

काकूंना जाऊन आता सहा आठवडे होतील. मे महिना उजाडताना महाराष्ट्राचं राज्य झालं, आणि त्या संध्याकाळी काकूंनी दुकानातल्या झाडून सगळ्या समया बाहेर फरसबंदीवर मांडून लावल्या होत्या. ठाकुरद्वारच्या नाक्यावरून येणारी माणसं चपला काढून त्यांना नमस्कार करत होती, आणि काकू ओरडत होत्या, "नमस्कार नको, वारा अडवा!" त्यानंतर तीनच आठवड्यांनी, भर दुपारी, मी ऑफिसात असताना कमलचा, म्हणजे माझ्या बायकोचा, इराण्याच्या हॉटेलातून फोन आला. "अहो, दुकान उघडं आहे, पण काकू नाहीत." मी म्हटलं, "येतील की, मागे मोरीवर गेल्या असतील." ती म्हणाली, "तुम्हाला काही म्हणजे काही एका वाक्यात कळत नाही." काकू खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या होत्या. समोर एक गृहस्थ टोप्या अडकवायचा स्टँड हाताशी धरून पाऊण तास उभे होते. त्यांना वाटलं बाईंचा डोळा लागलाय, आणि काकूंची झोपमोड केली की भाव वाढतो हे त्यांनी ऐकलेलं होतं.

दोन ओळींची बातमी आली : 'गिरगावातील जुन्या वस्तूंच्या विक्रेत्या निधन पावल्या.' यातला 'विक्रेत्या' हा शब्द मला मान्य नाही. काकू दुकानात सगळं करत असत, फक्त विकत नसत. गिऱ्हाईक आत आलं की त्याची उलटतपासणी सुरू होई. आरसा हवाय? कुठे लावणार? त्यात कोण बघणार? सून? मग सूनबाईंना घेऊन या, तिला विचारते. कोणी उत्तरात चुकलं की "नाही द्यायचा" म्हणून काकू सरळ अडकित्त्याने सुपारी कातरायला लागत. दुकान तरी केवढं! आमच्या चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दारातून आत शिरायचं तर एका लाकडी हरणाच्या शिंगांना वळसा घालावा लागे, आणि आत वाकावं लागे, कारण झुंबर होतं ते छताला नव्हे, माणसाच्या कपाळाला बेतून टांगलेलं होतं. घड्याळं सगळी चालू आणि सगळ्यांच्या वेळा वेगळ्या. मी एकदा ती एकसारखी लावून द्यायची तयारी दाखवली, तर काकू म्हणाल्या, "नको. ज्या त्या घराची वेळ वेगळी होती. तू काय सरकार आहेस का, सगळ्यांना एका कोष्टकात बसवायला?"

आणि प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली एक चिठ्ठी. या चिठ्ठ्या हेच त्या दुकानाचं वेड. दुसऱ्या कोणत्याही दुकानात अशा चिठ्ठीवर किंमत असते, फार तर 'अमुक संस्थानिकांच्या वाड्यातून' असं काहीतरी असतं. काकूंच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव कधीच नसे. समईवर लिहिलेलं असे, 'चंपा घासायची. चिंच फार लावायची, म्हणून मोराची नक्षी गेली.' पाळण्यावर, 'आवडीने हलवला. तिचं स्वतःचं पोर गावी, चुलतीकडे.' झुंबरावर, 'गोविंदा पुसायचा. शिडीवरून पडला. झुंबराला काही झालं नाही.' आणि भिंतीवरच्या मोठ्या, शिसवी घड्याळावर, 'किल्ली धोंडू द्यायचा. साऱ्या घराचं जेवण याच्या ठोक्यावर. धोंडूचं सोडून.'

हे सगळं त्यांना कळलं कसं, तर काकांच्या धंद्यामुळे. काका होते तेव्हा गिरगावातली, भायखळ्याकडची मोठी घरं मोडत होती. काका पुढच्या दाराने जाऊन दिवाणखान्यात बसत, सरबत पीत आणि सौदा करत. बायकांना दिवाणखान्यात काय काम? काकू मागच्या दारी, मोरीपाशी, घरच्या गडीमाणसांबरोबर बसत. पुढच्या दारी वस्तूची किंमत ठरेपर्यंत मागच्या दारी तिचा सगळा जन्म काकूंच्या कानावर आलेला असे. काका गेल्यावर दुकान त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी पहिलं काम केलं ते सुतळीचा गुंडा आणण्याचं. त्यांचा नियम एकच होता : नाव लिहायचं ते हाकेचं, आणि खात्रीचं. मी एकदा विचारलं, "काकू, वस्तू ज्याची त्याचं नाव नको का?" त्या म्हणाल्या, "तेच तर लिहिलंय!"

त्या दिवसांत मुंबई कोणाची, हा वाद नाक्यानाक्यावर चालला होता. पैसा घालणाऱ्यांची की राबणाऱ्यांची? सभांना आम्ही जात होतो, घसा बसेपर्यंत घोषणा देत होतो, अश्रुधुरावर उपाय म्हणून खिशात कांदा ठेवत होतो. (माझ्या खिशातला कांदा एकदा ऑफिसच्या साहेबांसमोर टेबलावर पडला. मी 'भाजी न्यायचीय' म्हणालो. एकच कांदा! साहेब मराठी होते, काही बोलले नाहीत.) काकू मात्र वाद घालत नसत. म्हणत, "हा प्रश्न माझ्या दुकानात सुटलाय. दिल्लीवाल्यांनी येऊन चिठ्ठ्या वाचाव्यात."

दिल्लीवाले आले नाहीत. टायवाले आले. फोर्टातल्या एका मोठ्या शोरूमचे हे गृहस्थ. आपलेच, दादरला राहणारे, मराठी. त्यांना घड्याळ हवं होतं, झुंबर हवं होतं, जमलं तर अख्खं दुकान हवं होतं. पण चिठ्ठ्या नको होत्या. "बाई, चार पैसेवाल्या माणसाला आपल्या दिवाणखान्यात मोलकरणीचं नाव टांगायचं नसतं." काकूंनी सुपारी तोंडात टाकली. "मग मोलकरणीने घासलेली समई तरी कशाला टांगायची? नवी घ्या, स्वतः घासा, स्वतःचं नाव लावा." गृहस्थ हसत हसत बाहेर पडले, आणि जिन्यापाशी मला गाठून म्हणाले, "तुमचं अक्षर सुरेख आहे असं ऐकतो. याच चिठ्ठ्यांवर घराण्यांची नावं असती ना, तर बाई आज महाराणीसारख्या राहिल्या असत्या." माझ्या अक्षराची तारीफ केली की मी कोणाचंही ऐकतो. हे एकदा आमच्या विमा कंपनीच्याही लक्षात आलं होतं, पण तो वेगळा विषय आहे.

पुढच्याच महिन्यात काकू सत्याग्रहाला गेल्या. हातात दुकानातल्या ग्रामोफोनचा पितळी भोंगा, तोंडाला लावून 'झालाच पाहिजे' ओरडायला. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "रोज उघड. धूळ पूस. विकू काही नकोस. आणि डोकं चालवू नकोस." पहिल्या तीन आज्ञा मी तंतोतंत पाळल्या. काकूंना दीड महिन्याची शिक्षा झाली. भोंगा जप्त झाला, तो आजतागायत परत आलेला नाही. त्याच्या गळ्यातली चिठ्ठी ही माझ्या तावडीतून सुटलेली एकमेव चिठ्ठी. काकूंच्या हातची अक्षरं आज जगात कुठे शिल्लक असतील, तर ती पोलिसांच्या कोठारात!

कारण मी डोकं चालवलं. काकू सुटून येतील तेव्हा त्यांना चकित करावं म्हणून चार दिवस रजा काढली, जाड पुठ्ठा आणला, बोरू कापला आणि वळणदार अक्षरांत नव्या चिठ्ठ्या केल्या. 'रावबहादूरांच्या दिवाणखान्यातील उंची घड्याळ.' 'सरदार घराण्यातील शुभ पाळणा.' कोणते रावबहादूर, कोणतं घराणं, हे मला थोडंफार ठाऊक होतं, उरलेलं मी औदार्याने दिलं. जुन्या चिठ्ठ्या मळक्या, तेलकट, काकूंच्या मोडक्या अक्षरातल्या... कमल म्हणाली, "ठेवा तरी बाजूला." मी म्हटलं, "कचरा कशाला साठवायचा?"

काकू सुटल्या त्या दिवशी चाळीने त्यांना हार घातले, कोणीतरी ताशा आणला. गळ्यात झेंडूचे हार तसेच ठेवून त्या दुकानात शिरल्या. मी मागे उभा, शाबासकीसाठी पाठ जरा वाकवूनच. त्यांनी एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली. घड्याळापाशी थांबल्या.

"दिगू, धोंडू कुठे गेला?"

"कोण धोंडू?"

"घड्याळातला."

मी म्हणालो, "बंबात."

"आणि आवडी? चंपा?"

"...सगळीच."

ताशा बाहेर वाजत होता. काकूंनी हार काढून हरणाच्या शिंगांना अडकवले आणि खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता रडतील. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी दोन शब्द समजुतीचे बोलून सुटलो असतो. त्या म्हणाल्या, "अख्ख्या सरकारला दीड महिन्यात माझं जे वाकडं करता आलं नाही, ते तू एका अंघोळीत केलंस. या माणसांची नावं दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती रे. मालकांची आहेत. रस्त्यांवर आहेत, धर्मशाळांवर आहेत. यांचं एवढंच होतं." मग थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, "रविवारी सुट्टी असते ना तुला? चपला शिवून घे."

असे आमचे रविवार सुरू झाले. पुष्कळशी नावं काकूंच्या डोक्यात पक्की होती, ती त्यांनी मला सांगितली आणि मी खाली मान घालून लिहिली. पण जिथे शंका होती तिथे त्या अडून बसत. "अंदाजाने नाव लावायचं नाही. ते बंबात घालण्याहून वाईट." मग त्या घरचा जुना आचारी, त्याचा भाऊ, त्याची सोयरीक शोधत आम्ही भायखळा, परळ, लालबाग, पार कॉटन ग्रीनच्या वखारींमागच्या चाळी पालथ्या घातल्या. या कामी आम्हाला वाटाड्या मिळाली ती सरूबाई. लालबागची गिरणी-कामगारीण, मूळची मालवणकडची. काकूंची तुरुंगातली सोबतीण. दोघींनी एका कांबळ्यावर दीड महिना काढलेला. सरूबाईने मला पहिल्या भेटीतच नीट न्याहाळलं आणि काकूंना विचारलं, "ह्योच काय गो तो, बंबवाला?" तेव्हापासून परळ-लालबागच्या सगळ्या चाळींत माझी ओळख तीच. वरच्या मजल्यावरून बायका वाकून बघत. "ओ बंबवाले, सांभाळून, जिना मोडकाय!"

एकदा मी कंटाळलो. एका तांब्याच्या घंगाळासाठी सलग चार रविवार मोडले होते. पाचव्या रविवारी मी काकूंना सांगितलं की माझ्या ऑफिसातल्या शिपायाकडून पक्की खबर लागली, घंगाळ घासणारीचं नाव रखमा. काकूंनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "रखमा कुठली?" मी म्हटलं, "संगमेश्वरची." "दिसायला?" मी म्हटलं, "उंच. दात जरा पुढे." "स्वभावाने?" आता मला रंग चढला. "तापट. जावयाशी पटायचं नाही. पण हाताला चव." काकूंनी माझ्या हातातली लेखणी काढून ठेवली आणि मागे वळून हाक मारली, "कमल, बाहेर ये गं जरा, दिगू तुझ्या आईबद्दल काय सांगतोय बघ!" कमल मागे पाणी भरत होती... त्या घंगाळाला शेवटपर्यंत नाव मिळालं नाही. काकूंनी त्याला कोरी चिठ्ठी बांधली. "कोरी राहू दे. कोणीतरी होतं, एवढं तरी कळेल."

पण झुंबराचा गोविंदा सापडला. परळला, पुतण्याच्या खोलीत, खिडकीशी बसून असायचा. पडला तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. काकूंनी त्याला व्हिक्टोरिया घोडागाडीत बसवून दुकानात आणलं. नेमके तेव्हा टायवाले आत उभे होते. झुंबरासाठी तिसऱ्यांदा आलेले. गोविंदा कुबडी टेकून झुंबराशी उभा राहिला, नीट बघितलं, आणि म्हणाला, "उजवीकडून तिसरा लोलक मूळचा नव्हं. मी चोरबाजारातून आणून लावलाय. मालकाला कधी कळलंच न्हाई." टायवाल्यांनी चष्मा लावला. लोलक खरोखरच वेगळा होता. ते गोविंदाला म्हणाले, "बाजूला सरका जरा, मला नीट बघू दे." काकू खुर्चीतून उठल्या. बुटक्या बाई, पण त्या दिवशी त्यांचं डोकं झुंबराला लागेल असं मला वाटलं. "तो सरकणार नाही. त्याचा पाय गेलाय यात. तुमचं काय गेलंय?" टायवाल्यांचं काहीच गेलं नव्हतं, ते स्वतःच गेले. गोविंदा खुर्चीत बसून दोन कप चहा प्याला. चिठ्ठी मी लिहिली. 'झुंबराला काही झालं नाही' हे वाक्य त्याने मला दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा तो हसला.

चार वर्षं हे चाललं. मधे गोळीबार झाले, निवडणूक झाली, आमच्या चाळीतला एक तरुण पोरगा गेला. काकूंचे रविवार चुकले नाहीत. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला हळूहळू कळलं, तेही चपला झिजल्यावर. राज्य मिळवायचं आणि राबणाऱ्यांची नावं पुन्हा बंबात घालायची असतील, तर तो सगळा आटापिटा कशाला होता? हे त्या बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणायच्या, "पुढच्या रविवारी कॉटन ग्रीन."

काकूंना मूलबाळ नव्हतं. इंदूरच्या दिराने पत्र पाठवलं : दुकान एकरकमी विकून टाकावं, व्यवस्था दिगंबररावांनी पाहावी. मागच्या आठवड्यात टायवाले पुन्हा आले. दुःख व्यक्त करून झालं, मग म्हणाले, "सगळं घेतो. चिठ्ठ्या तेवढ्या तुम्ही काढून ठेवा." सरूबाई गिरणीची पाळी संपवून आली होती, कोपऱ्यात समया पुसत होती. मी आयुष्यात मोठ्या माणसाला 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. लग्नालाही मी 'नाही' म्हणणार होतो, पण ते राहून गेलं. मी म्हणालो, "चिठ्ठीसकट न्यायचं. आणि ती काढणार नाही असं लिहून द्यायचं. नाहीतर हरणाला वळसा घालून बाहेर पडायचं." "तुम्ही भावनेच्या भरात..." "हो. भरातच." ते गेले. दिराला मी कळवलंय की वस्तू एकेक जातील, वर्षं लागतील, पण अशाच जातील. त्यांना कोर्टात जायचं असेल तर आमच्या चाळीला आता मोर्च्याची सवय आहे.

मोठ्या ऐटीत मी पुठ्ठा काढला. म्हटलं, आता काकूंच्या खुर्चीलाच चिठ्ठी बांधू. बोरू दौतीत बुडवला आणि रेशनकार्डावर होतं तसं ठसठशीत लिहिलं : 'सौदामिनी मानकर बसायच्या.' सरूबाई हात पुसत जवळ आली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "वाचा." मी वाचलं.

"ही कोण?"

"कोण म्हणजे? काकू."

"ह्यां नाव तर लग्नात त्यांच्या सासऱ्यान ठेवलेलां. तांदळात लिवलेलां. त्या नावान कोणी हाक मारली होती काय?"

मी आठवून पाहिलं. चाळ काकू म्हणायची, काका 'अगं' म्हणायचे, पोलीस 'बाई' म्हणायचे. मी विचारलं, "मग हाकेचं नाव काय होतं?"

"ठकू. आई ठकू म्हणायची. पहिल्याच दिवशी सांगितलान माका, कांबळ्यावर बसल्या बसल्या."

मी पुठ्ठा फाडला, नवा घेतला. म्हणालो, "मला कधी बोलल्या नाहीत त्या..."

"तुम्ही कधी इचारलात?" सरूबाई म्हणाली. "चार वर्षां अख्खी मुंबई नावं इचारीत फिरलात नि जिच्या वांगडा फिरलात तिलाच इचारूचां राहिलां! काकू उगाच म्हणायची काय, 'दिगू मनाचा बरा हा, पण त्याका बाजूक बसलेला माणूस दिसणा नाय' म्हणान?"